विश्लेषण : चार तारे मिळाले म्हणजे बल्बासॉर चांगला?

‘पोकेमॉन गो’ खेळणाऱ्यांची एक सवय सर्वत्र सारखीच दिसते. पोकेमॉन पकडायचा, लगेच ‘अप्रेझल’ म्हणजे मूल्यमापनाचा पडदा उघडायचा आणि तारे मोजायचे. तीन-चार तारे दिसले तर ठेवायचा, कमी दिसले तर प्रोफेसरकडे रवाना करायचा. पाठीवर कांदा घेऊन फिरणाऱ्या बल्बासॉरच्या वाट्याला हा निकाल वारंवार येतो, कारण तो बऱ्याचदा सापडतो. पण एकदा प्रोफेसरकडे पाठवलेला पोकेमॉन परत मिळत नाही. म्हणूनच हे तारे नेमके काय मोजतात, आणि वनस्पती प्रकारच्या पोकेमॉनचे मोल त्यातून कळते का, हे समजून घ्यायला हवे.

बल्बासॉर आहे तरी कोण?

पोकेमॉनच्या यादीत पहिला क्रमांक बल्बासॉरचा. जपानमध्ये १९९६ साली आलेल्या ‘रेड’ आणि ‘ग्रीन’ या पहिल्या गेममध्ये खेळाडूला सुरुवातीला तीन पोकेमॉनमधून एक निवडावा लागे : आगीचा चारमँडर, पाण्याचा स्क्विर्टल किंवा वनस्पतीचा बल्बासॉर. त्याचे पुढचे रूप आयव्हिसॉर आणि शेवटचे व्हीनसॉर. हे तिघेही ग्रास म्हणजे वनस्पती आणि पॉयझन म्हणजे विष अशा दुहेरी प्रकारचे. जपानी ‘ग्रीन’च्या वेष्टनावर व्हीनसॉर होता. परदेशात मात्र ‘रेड’ आणि ‘ब्लू’ अशी जोडी गेली आणि वेष्टनावर चारिझार्ड व ब्लास्टॉइज झळकले. लोकप्रियतेच्या शर्यतीत वनस्पती मागे पडली ती अशी.

ग्रास प्रकाराला दुबळा का समजतात?

कागदावर पाहिले तर कारणे ठोस आहेत. आग, बर्फ, विष, उडणारे आणि कीटक अशा पाच प्रकारांचे हल्ले ग्रासला जास्त लागतात. उलट ग्रासचा हल्ला सात प्रकारांवर कमी परिणाम करतो. पण दुसरी बाजूही पाहायला हवी. पाणी, वीज, जमीन आणि खुद्द वनस्पती या चार प्रकारांचे हल्ले ग्रास प्रकार निम्म्याने पचवतो आणि पाणी, जमीन व खडक या तिघांवर त्याचा घाव वर्मी बसतो. पहिल्या गेममध्ये पहिला जिम लीडर ब्रॉक खडकांचे पोकेमॉन घेऊन उभा असे, दुसरी मिस्टी पाण्याचे आणि तिसरा लेफ्टनंट सर्ज विजेचे. बल्बासॉर निवडणाऱ्याची सुरुवातीची वाट त्यामुळे सोपी होई. आगीचा चारमँडर निवडणाऱ्याला पहिल्या दोन्ही ठिकाणी घाम फुटे. तेव्हा ‘दुबळा’ हे विशेषण समोर कोण आहे, हे ठरल्याशिवाय लावताच येत नाही.

तारे नेमके काय मोजतात?

‘पोकेमॉन गो’मध्ये प्रत्येक पोकेमॉनच्या जातीचे आक्रमण, बचाव आणि एचपी हे मूळ आकडे ठरलेले असतात. व्हीनसॉरचे हे आकडे अनुक्रमे १९८, १८९ आणि १९०. त्यावर प्रत्येक पोकेमॉनला जन्मजात मिळणारे ० ते १५ गुण वाढतात. यांनाच खेळाडू ‘आयव्ही’ म्हणतात. तिन्ही मिळून जास्तीत जास्त ४५. पूर्ण ४५ असतील तर चार तारे, ३७ ते ४४ असतील तर तीन, ३० ते ३६ असतील तर दोन.

आता हिशेब करू. तिन्ही गुण ११ असलेला दोन ताऱ्यांचा व्हीनसॉर घेतला तर त्याचे आक्रमण २०९ होते. चार ताऱ्यांचा घेतला तर २१३. फरक दोन टक्क्यांहूनही कमी. अगदी शून्य गुणवाला आणि पूर्ण गुणवाला यांच्या आक्रमणातला फरकही साडेसात टक्क्यांच्या आसपासच जातो. याउलट समोरचा पोकेमॉन पाण्याचा असेल तर ग्रास हल्ल्याचा जोर १.६ पट होतो, म्हणजे तब्बल ६० टक्क्यांनी वाढतो. समोर खडक आणि जमीन असा दुहेरी प्रकारचा गोलेम असेल तर हा जोर २.५६ पट होतो. कोणाला कोणासमोर उभे करायचे, या एका निर्णयापुढे ताऱ्यांचा फरक किरकोळ ठरतो.

मग तारे निरुपयोगी आहेत का?

तसे नाही. तिन्ही गुणांचा फरक एकत्र धरला तर तो जाणवतो, आणि जिथे ताकदीवर मर्यादाच नाही अशा ‘मास्टर लीग’मध्ये प्रत्येक गुण मोलाचा असतो. गंमत अशी, की व्हीनसॉर तिथे सहसा कोणी उतरवत नाही. ते मैदान लेजेंडरी पोकेमॉनचे.

व्हीनसॉरचे खरे मैदान म्हणजे ‘ग्रेट लीग’. तिथे सीपीची मर्यादा १५००. सीपीच्या सूत्रात आक्रमणाचे वजन पूर्ण धरले जाते, बचाव आणि एचपी यांचे मात्र वर्गमूळ घेतले जाते. त्यामुळे आक्रमणाचे गुण जास्त असले की पोकेमॉन १५०० ची मर्यादा लवकर गाठतो आणि त्याला आणखी वाढवता येत नाही. आक्रमण शून्याच्या जवळ आणि बचाव-एचपी १५ च्या जवळ असलेला व्हीनसॉर त्याच मर्यादेत वरच्या पातळीपर्यंत जातो आणि जास्त वेळ टिकतो. म्हणजे जिथे त्याचा सर्वाधिक उपयोग, तिथे चार तारे हा तोटाच. ताऱ्यांकडे पाहून दोन ताऱ्यांचा बल्बासॉर पाठवून देणारा खेळाडू अनेकदा आपला सर्वोत्तम पोकेमॉनच गमावतो.

मूल्यमापनात मूव्हला किती महत्त्व द्यावे?

माझ्या मते ताऱ्यांपेक्षा जास्त. मार्च २०१८ मध्ये बल्बासॉरचा ‘कम्युनिटी डे’ झाला. त्या वेळी व्हीनसॉरला ‘फ्रेन्झी प्लँट’ ही खास मूव्ह मिळाली. ट्रेनर बॅटलमध्ये ती ४५ ऊर्जेत १०० शक्तीचा घाव घालते. नेहमीच्या ‘सोलर बीम’ला १५० शक्तीसाठी ८० ऊर्जा खर्चावी लागते. शिवाय कमी ऊर्जेची मूव्ह लवकर तयार होते, म्हणून लढत संपण्याआधी ती वापरायला मिळते. अशी खास मूव्ह एरवी सहज मिळत नाही. तिच्यासाठी विशेष कार्यक्रमाची वाट पाहावी लागते किंवा दुर्मीळ ‘एलिट टीएम’ खर्चावे लागते. त्यामुळे एक तारा आणि फ्रेन्झी प्लँट असलेला जुना व्हीनसॉर बहुतेक लढतींत चार तारे आणि सोलर बीमवाल्याला मागे टाकतो. मूल्यमापनाचा पडदा मात्र याबद्दल अवाक्षर काढत नाही.

दुसरी चार्ज मूव्ह उघडण्याचा खर्चही इथे कमी आहे : १० हजार स्टारडस्ट आणि २५ कँडी. ‘स्लज बॉम्ब’ ही विषाची मूव्ह दिली की समोर दुसरा वनस्पती पोकेमॉन आला तरी व्हीनसॉर हतबल होत नाही.

हवामानाचा काय संबंध?

हा खेळ खेळाडूच्या ठिकाणचे हवामान वाचतो. आकाश निरभ्र असेल तर वनस्पती, आग आणि जमीन यांचे हल्ले २० टक्क्यांनी वाढतात. ढगाळ असेल तर विषाचे, आणि पाऊस असेल तर पाणी, वीज व कीटकांचे. म्हणजे जुलैत कोकणात किंवा मुंबईत ग्रासच्या हल्ल्याला हवामानाची साथ क्वचितच मिळणार. पण नेमके तेव्हाच पाण्याचे आणि विजेचे हल्ले जोरदार झालेले असतात आणि ते पचवण्याची क्षमता व्हीनसॉरकडे आहे. उन्हात त्याचा जोर वाढतो, पण आगीचाही वाढतो. वनस्पतीचे हे गणित आपल्या शेतकऱ्याला वेगळे समजावून सांगायला नको.

जे आकड्यात दिसतच नाही, त्याचे काय?

वनस्पती पोकेमॉनचा खरा गुण मूळ गेममध्ये अधिक स्पष्ट दिसतो. ‘लीच सीड’ शत्रूवर बी पेरते आणि दर फेरीला त्याची थोडी शक्ती शोषून आपल्याला देते. ‘स्लीप पावडर’ झोपवते. ‘सिंथेसिस’ म्हणजे प्रकाशसंश्लेषण; त्यातून जखमा भरतात, उन्हात अधिकच. एका फटक्यात निकाल लावण्याची ही पद्धत नव्हे. ती हळूहळू पारडे फिरवते.

‘पोकेमॉन गो’मध्ये हा सोशिकपणा वेगळ्या रूपात येतो. ऑगस्ट २०२० मध्ये मेगा रूपे आली, त्या पहिल्या तुकडीत मेगा व्हीनसॉर होता. तो रेडमध्ये उतरला की सोबतच्या खेळाडूंचे ग्रास आणि विषाचे हल्ले ३० टक्क्यांनी वाढतात, इतर हल्ले १० टक्क्यांनी. क्योगरसारख्या पाण्याच्या लेजेंडरीविरुद्ध दहा जण ग्रासचे पोकेमॉन घेऊन उभे असतील तर एका व्हीनसॉरमुळे सगळ्यांचेच बळ वाढते. त्याला दोन तारे आहेत की चार, याने या ३० टक्क्यांत काडीचाही फरक पडत नाही. क्योगरकडे ‘ब्लिझार्ड’ ही बर्फाची मूव्ह असेल तर मात्र जपून राहावे.

खेळाडूंनी काय करावे?

या चुकीच्या मोजमापाची किंमत खरी आहे. बल्बासॉरचा व्हीनसॉर करायला १२५ कँडी लागतात. ‘बडी’ करून चालल्यास दर तीन किलोमीटरला एक कँडी मिळते. केवळ चालून जमवायचे म्हटले तर ३७५ किलोमीटर, म्हणजे साधारण मुंबई ते कोल्हापूर. रेड पाससाठी तर अनेक घरांतली मुले खरे पैसे मागतात. एवढी पायपीट आणि खर्च चार ताऱ्यांच्या हव्यासापोटी करण्याआधी तीन प्रश्न विचारावेत. हा पोकेमॉन मी कुठे वापरणार आहे? त्याच्याकडे कोणती मूव्ह आहे? आणि माझ्या सध्याच्या संघात पाणी, जमीन, खडक यांना तोंड देणारा दुसरा कोणी आहे का?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असेल, तर हातातला दोन ताऱ्यांचा बल्बासॉरच आज वाढवायला घ्यावा. चार ताऱ्यांचा पुढे कधी सापडला तर सापडला. तोवर कितीतरी रेड जिंकून झालेल्या असतील.