हद्दीपलीकडचा जामीन

वैतरणेच्या मुखाशी वसलेल्या दातिवऱ्यापासून उत्तरेस दमणपर्यंतचा सारा किनारा एके काळी एकाच फिरंगी अंमलाखाली होता. १७३९ च्या वसई मोहिमेत चिमाजी अप्पांनी त्यातील दक्षिणेचा मुलूख जिंकून घेतला, दमण मात्र १९६१ च्या डिसेंबरापर्यंत पोर्तुगिजांकडेच राहिले. मधल्या काळात, १ मे १९६० रोजी, मुंबई राज्याचे विभाजन होऊन ठाणे जिल्ह्यातील उंबरगाव तालुक्याचा बहुतेक भाग गुजरातेत गेला. परिणामी, सफाळे स्थानकावर गाडीत बसून वापीस उतरणाऱ्या आणि तेथून रिक्षाने दमणच्या किनाऱ्यावर पोहोचणाऱ्या प्रवाशाला वाटेत एकही भिंत आडवी येत नसली, तरी या अल्प अंतरात तो महाराष्ट्र, गुजरात आणि केंद्रशासित प्रदेश अशा तीन हद्दी ओलांडतो. पालघरचे न्यायालय मुंबई उच्च न्यायालयाच्या अधिकाराखाली, वलसाडचे गुजरात उच्च न्यायालयाच्या, आणि दमणचे पुन्हा मुंबईच्याच. सहलीला निघालेल्या माणसाच्या ध्यानी ही वस्तुस्थिती सहसा येते ती त्याला पोलीस ठाण्यात नेऊन बसविल्यावरच.

बोईसर-तारापूरच्या कारखान्यांतील तरुण, केळवे-दातिवऱ्याकडची कुटुंबे, सुट्टी मिळाली की दमणला जातात. तेथे मद्य स्वस्त आहे आणि त्याची विक्री विधिसंमत आहे. परंतु दमणच्या एका अंगास समुद्र आणि उरलेल्या सर्व अंगांस वलसाड जिल्हा असल्यामुळे तेथून परतण्याचा खुष्कीचा प्रत्येक मार्ग गुजरातच्या भूमीवरून जातो, आणि गुजरातेत दारूबंदी आहे. वर्षअखेरीस तर दमणच्या वेशीवर विशेष नाकाबंदी असते. बाटली गाडीत असो वा मद्य पोटात असो, दोन्ही अवस्थांत गुन्हा नोंदला जाऊ शकतो. मोरारजी देसाई मुंबई प्रांताचे गृहमंत्री असताना १९४९ साली झालेला दारूबंदीचा कायदा ठाण्यालाही लागू होता आणि सुरतेलाही. विभाजनानंतर महाराष्ट्राने त्याची धार परवान्यांच्या मार्गाने बोथट केली, गुजरातने ती वाढवीत नेली. २०१७ च्या दुरुस्तीने तेथे मद्याच्या बेकायदा वाहतुकीस १० वर्षांपर्यंत कारावास आणि ५ लाख रुपयांपर्यंत दंड अशी शिक्षा आहे. परराज्यातील प्रवाशाला गुजरात सरकार तात्पुरता परवाना देते हे खरे. पण तो त्या राज्यातील अधिकृत दुकानातून खरेदी करण्यासाठी असतो, दमणहून आणलेल्या बाटलीला त्याचे संरक्षण नाही.

ही बंदी योग्य की अयोग्य, या वादात मला येथे शिरावयाचे नाही. ज्या राज्याच्या भूमीवर आपण पाऊल ठेवतो त्याचा कायदा पाळणे हे आपले कर्तव्यच आहे, आणि तो ठाऊक नव्हता ही सबब कोणत्याही न्यायासनापुढे टिकत नाही. माझे म्हणणे वेगळे आहे. गुन्ह्याची शिक्षा न्यायालयाने द्यावयाची असते. परंतु घरापासून दूर पकडल्या गेलेल्या माणसाला निकालापूर्वीच जी शिक्षा भोगावी लागते ती केवळ अंतराची असते, आणि अशी शिक्षा कोणत्याही अधिनियमात लिहिलेली नाही.

अटकेच्या क्षणापासून संविधानाचे २२ वे कलम त्या माणसाच्या पाठीशी उभे असते. अटकेची कारणे कळण्याचा, आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेण्याचा आणि प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यापुढे उभे केले जाण्याचा त्याचा हक्क राज्याच्या सीमेवर संपत नाही. आप्ताला वा मित्राला अटकेची खबर देणे हे पोलिसांवर बंधनकारक आहे, डी. के. बसू खटल्यात १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने घालून दिलेला तो दंडक १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही आहे. त्याहून महत्त्वाची गोष्ट भाषेची. वलसाडकडील पंचनामा आणि जबाब गुजरातीत लिहिले जातात, आणि आपल्याकडील अनेकांना गुजराती बोली समजत असली तरी तिची लिपी वाचता येत नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये, महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने असे ठरविले की अटकेची कारणे आरोपीला समजणाऱ्या भाषेत आणि लेखी दिली पाहिजेत, आणि ती तत्काळ देणे अशक्यच असेल तर निदान कोठडीच्या सुनावणीपूर्वी दोन तास त्याच्या हाती पडली पाहिजेत. तेव्हा न वाचता आलेल्या कागदावर सही करण्याची घाई कोणीही करू नये, आणि ‘मला मराठीत सांगा’ असे नम्रपणे पण स्पष्टपणे म्हणावे. वकील नसेल तर कोठडीतील व्यक्तीला १९८७ च्या विधिसेवा प्राधिकरण कायद्यान्वये मोफत वकील मिळू शकतो. १५१०० हा त्या सेवेचा दूरध्वनी क्रमांक देशभर एकच आहे.

येथवरची वाट बिकट असली तरी कायद्याने आखून दिलेली आहे. खरी अडवणूक होते ती जामिनाच्या टेबलापाशी. न्यायाधीश जामीन मंजूर करतात, आणि मग स्थानिक जामीनदार आणण्याचा आग्रह सुरू होतो. दातिवऱ्याच्या माणसाने वलसाडमध्ये स्थानिक जामीनदार आणावा कोठून? त्याचा भाऊ, त्याचा शेजारी, त्याच्या कारखान्यातील मुकादम, त्याच्यासाठी जमीन तारण ठेवावयास तयार असलेली सर्व माणसे पालघर जिल्ह्यात. तहसीलदाराचा ऐपतीचा दाखला मराठीत. आणि मुक्रर तारीख कामाच्या दिवशी. अशा वेळी न्यायालयाच्या आवारात पैसे घेऊन उभे राहणारे जामीनदार हाताशी येतात, आणि कायद्याने जी प्रतिज्ञा विश्वासाची मानली तिचा सौदा होतो.

हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे १९७८ साली, मोतीराम विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या प्रकरणात, अगदी उघड्या स्वरूपात आला होता. एका गरीब गवंड्याला जामीन मंजूर झाला. दंडाधिकाऱ्याने १० हजार रुपयांचा जामीनदार मागितला, आणि गवंड्याचा भाऊ जामीन राहण्यास तयार असता, त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे एवढ्याच कारणावरून त्याला नाकारले. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी गवंड्याला १ हजार रुपयांच्या जातमुचलक्यावर सोडण्याचा आदेश दिला, आणि परजिल्ह्यातला वा परभाषिक म्हणून जामीनदार नाकारणे हे समतेच्या तत्त्वाशी विसंगत असल्याचे अत्यंत कळकळीने नमूद केले. जानेवारी २०२३ मध्येही त्याच न्यायालयाने स्थानिक जामीनदाराच्या अटीमुळे सुटका रखडत असल्यास ती अट न घालण्याची सूचना केली. इतका जुना आणि इतका स्पष्ट विचार तालुक्याच्या न्यायालयांपर्यंत पुरतेपणी झिरपू नये, याची मला खंत वाटते.

या अडवणुकीतून एक दुसरे अनिष्ट उद्भवते, आणि ते मला अधिक भयावह वाटते. सहा-सहा महिने तारखांना हेलपाटे घालण्यापेक्षा गुन्हा कबूल करून, दंड भरून मोकळे व्हावे असा सल्ला अशा माणसाला मिळतो. प्रसंगी दोष नसतानाही तो मान डोलावतो. पण ती कबुली म्हणजे दोषसिद्धी असते. तारापूरच्या अणुविद्युत केंद्रात, पोलीस दलात किंवा कोणत्याही सरकारी कचेरीत नोकरी मागणाऱ्या तरुणाच्या चारित्र्यपडताळणीत ती नोंद वर येते, पारपत्राच्या अर्जात तिची विचारणा होते. प्रत्येक तारखेला स्वतः हजर राहण्यातून सूट मागण्याची, वकिलामार्फत हजेरी लावण्याची सोय कायद्यात आहे. नव्या संहितेने तर सुनावणी दूरदृश्य माध्यमातून घेण्यासही वाट मोकळी केली आहे. मात्र विनापरवानगी गैरहजर राहणे घातक, कारण त्यातून वॉरंट निघते आणि मिळालेला जामीनही हातचा जातो.

उपाय दुष्कर नाही. जुन्या मुंबई इलाख्याच्या महसुली व्यवस्थेचा वारसा दोन्ही राज्यांनी जपला असल्यामुळे सातबारा इकडेही आहे आणि तिकडेही. दोन्हीकडे तो आता संगणकावर पाहता येतो. वलसाडच्या लिपिकाला पालघरच्या जामीनदाराची जमीन पडताळून पाहण्यास तलाठ्याकडे माणूस धाडण्याची गरज उरलेली नाही. दोन्ही जिल्ह्यांच्या विधिसेवा प्राधिकरणांनी मराठी आणि गुजराती दोन्ही जाणणाऱ्या वकिलांची एक सामाईक यादी वापी, पारडी, उंबरगाव, तलासरी आणि डहाणू येथील ठाण्यांत लावावी, आणि सुट्ट्यांच्या दिवसांत पहिल्या हजेरीच्या वेळी त्यांपैकी एक तरी वकील उपस्थित ठेवावा.

आणि हे केवळ वलसाडकडे मागून भागणार नाही. बोर्डी, डहाणू, केळवे येथे गुजरातेतूनही असंख्य कुटुंबे सुट्टीसाठी येतात, आणि त्यांच्यापैकी कोणावर आपल्याकडे फौजदारी गुन्हा दाखल झाला तर आपल्या न्यायालयांतही जामीनदार महाराष्ट्रातलाच हवा असा हट्ट धरला जाऊ शकतो. आजोबांच्या काळी ठाणे जिल्ह्यात मोडणाऱ्या उंबरगावचा शेतकरी आपला गुजराती सातबारा घेऊन डहाणूच्या न्यायालयात जामीन राहण्यास आला, तर तो उतारा त्याच दिवशी पडताळून स्वीकारला जावा, असा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने आपल्या अधिकारातील न्यायालयांना प्रथम द्यावा; गुजरातकडे तसाच आदेश मागण्याचा आपला हक्क त्यानंतरच सिद्ध होईल.