डिकीतला गडगडाट आणि दाराआडचा शब्द

मोटारीतल्या म्युझिक सिस्टीमविषयी आपल्याकडे दोनच प्रकारचे लोक बोलतात: ती विकणारे आणि तिला नाके मुरडणारे. पहिल्यांपाशी वॉट आणि वूफरचा व्यास यांपलीकडे सांगण्यासारखे काही नसते. दुसरे, म्हणजे बहुतांशी आपल्यासारखेच साहित्याच्या अध्यापनावर उपजीविका करणारे, या विषयाला चर्चेच्या योग्यतेचाच मानत नाहीत. वरवर हे पक्ष परस्परविरोधी दिसतात. आमच्या मते ते एकमेकांचे भागीदार आहेत. सुजाणांनी सोडून दिलेल्या प्रांतात बाजाराने आपले व्याकरण लागू केले, आणि त्या व्याकरणाचा एकमेव नियम ‘मोठे ते चांगले’ हा आहे. या नियमाविरुद्ध आम्हांला काही म्हणायचे आहे.

विषय क्षुल्लक नाही, हे आधी स्पष्ट करू. बोरिवलीहून अंधेरीला पश्चिम द्रुतगती महामार्गाने, किंवा मुलुंडहून घाटकोपरला लालबहादूर शास्त्री मार्गाने रोज जा-ये करणाऱ्याचा किती वेळ बंद काचांच्या आत जातो, हे उपनगरवासीयांना सांगायला नको. उपनगरातल्या घरात एकांत मिळत नाही. दूरदर्शनसंच, कुकर, शेजार आणि मुलांचा अभ्यास यांच्या गराड्यात एखादे कथाकथन किंवा एखादा विलंबित ख्याल शेवटपर्यंत ऐकणे ही चैन आहे. ज्याच्याकडे मोटार आहे, त्याच्यापुरती ती चार दारांची खोली हीच उरलेली श्रवणशाळा होय. आज बोललेली मराठी, म्हणजे ऑडिओबुक, मुलाखत, नाट्यवाचन आणि जुनी कथाकथने, मोठ्या प्रमाणावर अशाच प्रवासात ऐकली जाते. तिथे मराठी शब्द कसा ऐकू येतो, हा प्रश्न म्हणूनच भाषेच्या अभ्यासकाचाही आहे.

आता बाजाराचे अलंकारशास्त्र पाहू. नव्वदच्या दशकात आपल्याकडच्या टेपरेकॉर्डरांवर आणि डेकवर ‘पीएमपीओ’ नावाचा आकडा ठळक अक्षरांत छापलेला असे. क्षणैक शिखरशक्तीचा हा आकडा कसा मोजावा, याचे सर्वमान्य प्रमाण कधीच नव्हते. त्यामुळे तो हजारांतही जाई. अतिशयोक्ती अलंकाराचे इतके निर्मळ उदाहरण आमच्या पाठ्यपुस्तकांतही सापडत नाही. अलंकार बदलला, वृत्ती बदलली नाही. आजही ‘50 वॉट गुणिले 4’ असे मिरवणाऱ्या डेकच्या आतला अॅम्प सलगपणे सुमारे 20 वॉट देतो. जो आकडा खरा असतो तो ‘आरएमएस’ या तीन अक्षरांसमोर, बारीक टंकात दडलेला असतो. शिवाय वॉट दुप्पट झाले म्हणजे आवाज दुप्पट होतो, ही समजूतही खोटी आहे. शक्ती दुप्पट केल्याने पातळी फक्त 3 डेसिबलने वाढते. कानाला आवाज दुप्पट वाटायला सुमारे 10 डेसिबल लागतात, म्हणजे दहापट शक्ती. कुर्ला-कलिन्याच्या सीएसटी रोडवर किंवा लॅमिंग्टन रोडवर खरेदीला जाणाऱ्याने हा एवढा हिशेब पाठ केला, तरी त्याचा निम्मा मोह ओसरेल.

तरीही डिकी उघडून तीत भलामोठा वूफर बसवण्याची हौस ओसरत नाही. या हौसेचा भार कोण सोसतो ते पाहा. खर्जातल्या ध्वनिलहरी लांब असतात. काच, पत्रा आणि विटांची भिंत यांना त्या फारशा जुमानत नाहीत. तार स्वर मात्र मोटारीतच अडतात. परिणामी रात्री अकरा वाजता एखाद्या सोसायटीच्या फाटकाशी उभ्या असलेल्या मोटारीतले गाणे मालकाला ऐकू येते आणि त्याची धडधड तेवढी तिसऱ्या मजल्यावरच्या आजाऱ्याच्या वाट्याला येते. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांनी निवासी भागासाठी दिवसा 55 आणि रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत 45 डेसिबलची मर्यादा घातली आहे. परंतु ही मर्यादा ‘ए’ भाराच्या मापाने मोजतात, आणि ते माप 50 हर्ट्झच्या खर्जाला सुमारे 30 डेसिबलची सूट देते. ज्या धडधडीने खिडकीची तावदाने थरथरतात, ती कायद्याच्या मापाला कुजबुज वाटते. कायद्याचा कान जिथे जड आहे, तिथे नागरिकाने विवेकाने ऐकावे, एवढीही अपेक्षा आपल्या ‘शौकिनां’कडून करायची नाही काय?

शेजाऱ्याचे सोडा, स्वतः मालकाला तरी काय मिळते? आमच्या दृष्टीने खरा घाव इथे आहे. बोललेल्या शब्दाचा जोर स्वरांत असतो, पण त्याची ओळख व्यंजनांत असते. ‘चार’मधला च आणि ‘चाक’मधला च वेगळे आहेत, ‘काल’ आणि ‘काळ’ वेगळे, ‘वेल’ आणि ‘वेळ’ वेगळे. हे भेद मुख्यत्वे 2000 ते 6000 हर्ट्झच्या पट्ट्यातल्या क्षीण, क्षणिक ध्वनींनी कानाला कळतात. खर्जाचा एक स्वभावदोष असा की, तो प्रबळ झाला की आपल्या वरच्या स्वरांना झाकून टाकतो. उलट दिशेने हे तितक्या प्रमाणात होत नाही. बास चढवलेल्या मोटारीत म्हणूनच मराठी बोलणे ऐकू येते, पण समजत नाही. मग समजावे म्हणून आवाज वाढवला जातो, त्याबरोबर खर्जही वाढतो आणि शब्द पुन्हा झाकला जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार 80 डेसिबल पातळीचे श्रवण आठवड्याला 40 तास सुरक्षित मानले जाते. 90 डेसिबलला ही मुदत 4 तासांवर येते. उपनगरातला प्रवासी ही मुदत दोन दिवसांत संपवतो. शब्द तर हरवलाच, वर कानही गहाण पडला.

तेव्हा सुधारणा कशाला म्हणावे? आमचे उत्तर बाजाराला रुचणार नाही. पहिली सुधारणा मिळवण्याची नसून वजा करण्याची आहे. वेगात धावणाऱ्या लहान मोटारीच्या आत टायर, रस्ता आणि वारा मिळून सुमारे 70 डेसिबलचा घोष चालू असतो, आणि गाण्याला याच घोषावर मात करायची असते. दाराचा पत्रा पातळ असतो, त्याला मोठी भोके असतात, आणि याच खुळखुळ्याला आपण स्पीकरची पेटी म्हणून राबवतो. पत्र्याला आतून डॅम्पिंगचा थर चिकटवणे, भोके बुजवणे आणि सैल क्लिपा बदलणे या अनाकर्षक कामाने कंपनीने दिलेले मूळ स्पीकरही सुधारल्यासारखे वाजतात. मात्र हे काम मुंबईच्या पावसाचे भान ठेवून करावे लागते. काचेवरून ओघळणारे पाणी दाराच्या पोटातून उतरून तळाच्या छिद्रांवाटे बाहेर पडते. उत्साही फिटरने ती छिद्रे बुजवली तर दार गंजते, आणि आतला प्लास्टिकचा पडदा फाडून तसाच सोडला तर जुलैत पायाखालची चटई भिजते. ‘कितीचा वूफर बसवता?’ या प्रश्नाआधी ‘पाण्याच्या वाटा मोकळ्या ठेवता का?’ हा प्रश्न फिटरला विचारणारा ग्राहक आम्हांला जाणकार वाटतो.

दुसरी सुधारणा स्थानाची आणि काळाची आहे. आपल्या मोटारीत चालक उजवीकडे बसतो. उजव्या दारातला स्पीकर त्याच्या कानाला डाव्यापेक्षा सुमारे 40 ते 50 सेंटिमीटर जवळ असतो. ध्वनी 1 मिलिसेकंदात सुमारे 34 सेंटिमीटर जातो. म्हणजे उजवीकडचा ध्वनी दीडेक मिलिसेकंद आधी पोहोचतो. दोन सारख्या ध्वनींपैकी आधी पोहोचणाऱ्याच्या दिशेला कान सगळा ध्वनी बहाल करतो, हे हेल्मुट हास यांनी 1949 साली दाखवून दिले. ‘गीतरामायण’ 1955-56 साली पुणे आकाशवाणीवरून प्रसारित झाले. त्या काळचे ध्वनिमुद्रण एकमार्गी, म्हणजे मोनो. अशा मुद्रणातला गायक श्रोत्याच्या पुढ्यात, मधोमध उभा राहायला हवा. प्रत्यक्षात तो बहुतेक मोटारींत चालकाच्या उजव्या गुडघ्यापाशी बसून गातो. जवळच्या स्पीकरचा ध्वनी तेवढ्या अंशाने थोपवून धरण्याची सोय, म्हणजेच ‘टाइम अलाइनमेंट’, आज अनेक डेकमध्ये असते. टेपपट्टीने अंतरे मोजून आकडे भरायला पैसे पडत नाहीत. तरीही विक्रेते तिचा उच्चार करत नाहीत, कारण जिच्यात विकण्यासारखे काही नाही तिची जाहिरात कोण करील?

तिसरी सुधारणा समतोलाची, आणि इथे साहित्याच्या विद्यार्थ्याला ओळखीचे दुखणे आढळेल. डेकवर ‘रॉक’, ‘पॉप’, ‘हॉल’ अशी तयार बटणे असतात. काय वाजते आहे, कोणत्या मोटारीत वाजते आहे, याची चौकशी न करता ती प्रत्येक ध्वनीला एकच साचा लावतात. पु. ल. देशपांड्यांच्या कथाकथनातला विराम ‘हॉल’च्या कृत्रिम घुमाऱ्याने भरून काढणारा श्रोता, आणि कोणतीही कविता हाती आली की तिच्यावर एकच आयात केलेला सिद्धांत चढवणारा समीक्षक, हे दोघे एकाच शाळेचे विद्यार्थी होत. ‘लाउडनेस’ या बटणाचीही अशीच विटंबना झाली आहे. हळू आवाजात कानाला खर्ज कमी ऐकू येतो, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी 1933 साली मोजून दाखवले. ते बटण या उणिवेच्या भरपाईसाठी, हळू ऐकण्यासाठी आहे. आपल्याकडे ते पूर्ण आवाजात कायमचे दाबलेले असते.

ट्यूनिंगची खरी रीत याच्या उलट आहे. सगळी बटणे शून्यावर आणावीत. ओळखीच्या माणसाचे साधे बोलणे लावावे. आवाज पिंपातून आल्यासारखा वाटला तर खर्ज आणि मध्य यांच्या सांध्यावर, 150 ते 300 हर्ट्झच्या आसपास, थोडे कमी करावे. स आणि श कानाला टोचले तर तारेत थोडे कमी करावे. वाढवण्याचा मोह शक्यतो आवरावा. एकेक फेरफार करून मोटार चालती असताना पुन्हा ऐकावे, कारण उभ्या मोटारीतला समतोल महामार्गावर टिकत नाही. फोनमधले मोजमापाचे अॅप दिशा दाखवील, पण त्याचा मायक्रोफोन खर्जाच्या बाबतीत विश्वासार्ह नसतो. शेवटचा निवाडा कानाने द्यायचा. ही कृती म्हणजे निकट वाचनच होय.

यावर दोन आक्षेप अपेक्षित आहेत. पहिला असा की, खर्जाचा आनंद हा तरुणांचा, ढोलताशावर वाढलेल्या समाजाचा आनंद आहे, आणि आम्ही तो अभिजनी कानाने तोलतो आहोत. खर्जाची बदनामी हा आमचा हेतू नाही. डग्ग्यावर तळहात सरकतो तेव्हाचा घुमारा, पखवाजाची थाप, ढोलाचा ठोका ही खर्जाचीच लेणी आहेत. पण डग्ग्याचा घुमारा आणि ढोलाचा ठोका वेगळे ओळखू येण्यासाठी वूफरने वेळेवर थांबले पाहिजे. बंद मोटारीत खोल खर्ज आपोआप वाढतो. म्हणून लहान, बंद पेटीतला आणि सुमारे 80 हर्ट्झच्या खाली मर्यादित ठेवलेला वूफर पुरेसा होतो. सगळ्या वाद्यांचा एकच ‘धम्म’ करणारी पेटी खर्जाचीही शत्रू आहे. आणि लोकांच्या आनंदाविषयी म्हणाल, तर ज्या उपनगरातले बहुसंख्य लोक लोकलने प्रवास करतात, तिथे मोटारवाल्याची धडधड हा लोकांचा आवाज कसा ठरतो?

दुसरा आक्षेप ध्वनिशौकिनांचा: महागड्या तारा आणि परदेशी अॅम्प यांवाचून खरी गुणवत्ता नाही. या संप्रदायाला आम्ही बाजाराचीच सोवळी शाखा मानतो. पुरेशा जाडीची तांब्याची तार, बॅटरीजवळ बसवलेला योग्य क्षमतेचा फ्यूज आणि नीट केलेले अर्थिंग यांपलीकडे तारेची महती फारशी नाही. ज्या नव्या मोटारींत डेक मूळ पडद्याशी एकजीव असतो, तिथे तो उपटण्याऐवजी कपलरने जोडता येणारा डीएसपी अॅम्प घ्यावा; मूळ वायरिंग कापू देऊ नये, वॉरंटीवर त्याचे बालंट येते. खर्च करायचाच तर पुढच्या दोन दारांवर करावा. मागच्या काचेखालचे मोठे अंडाकृती स्पीकर श्रोत्याच्या पाठीत गातात, आणि रंगमंचाकडे पाठ करून नाटक पाहण्याची रीत अजून पार्ल्याच्या दीनानाथ नाट्यगृहातही सुरू झालेली नाही.

वाचायला शिकवणे हा आपला व्यवसाय आहे, असे आपण मानतो. ऐकायला शिकवणे हा कोणाचा व्यवसाय? भाषेच्या वर्गात मुद्रित पानाची चिकित्सा होते, पाठभेद तपासले जातात, मुद्रणदोषांवर टिपा लिहिल्या जातात. तोच शब्द बोलला गेला की तो कोणत्या यंत्रातून, कोणत्या साच्यातून, किती झाकून आपल्यापर्यंत आला, याची चौकशी आपण करत नाही. वूफरने गिळलेला ळ हाही पाठदोषच आहे. तो दुरुस्त करायला टेपपट्टी, डॅम्पिंगचा थर, शून्यावर आणलेली बटणे आणि अर्ध्या तासाचा संयम पुरतो. एवढे करूनही शब्द स्पष्ट होत नसेल, तर खुशाल दुकानाची पायरी चढावी. मात्र जाताना वॉटचा आकडा घरी ठेवून, ‘काल’ आणि ‘काळ’ यांतला फरक ऐकवून दाखवा, असे विक्रेत्याला सांगावे.