दिवा कुठे लावायचा, बॉस?

डिसेंबरातली संध्याकाळ. घड्याळात सव्वासात. बेलापूरहून मेट्रो पकडायची, पेंधरला उतरायचं, शेअर रिक्षात स्वतःला कोंबायचं आणि तळोजे गावात मावशीच्या घरी पोहोचायचं. तोवर सूर्यनारायण केव्हाच लॉगआउट करून गेलेले असतात. सहाच्या ठोक्याला! ही शिस्त आपल्या बॉसलोकांना कुणीतरी शिकवायला हवी.

तुम्ही म्हणाल, अंधार पडला तर पडला. जेव, सिरियल बघ, झोप. प्रॉब्लेम असा आहे की नेमकं त्याच वेळी मला नेम मारायचा असतो. शब्दशः. एअर रायफल घेऊन, परसदारात, दहा मीटरवरच्या कागदी टारगेटवर.

कॉलेजात एनसीसीच्या कॅम्पमध्ये पॉइंट टू टू रायफल हातात आली होती. पाच गोळ्या मिळाल्या, त्यातल्या तीन टारगेटला लागल्या आणि मी स्वतःला जाम भारी समजायला लागले. मग मास कॉम, मग नोकरी, मग फ्रीलान्सिंग. नेम फक्त चेक कधी येतो यावर राहिला. गेल्या दिवाळीत एका मोठ्या फीचरचे पैसे एकदम आले आणि मी सेकंडहॅण्ड एअर रायफल घेऊन टाकली. बॅरल मोडून छर्रा भरायची साधी रायफल. आई म्हणाली, ‘या पैशात सोन्याची चेन आली असती.’ आली असती, खरंच.

मावशीचं घर जुनं, गावठाणातलं. मागे चौदा मीटर लांब परसदार, शेवटी दगडी कंपाउंड. सिडकोच्या वन बीएचकेत राहणाऱ्या माझ्या मित्रमंडळींना हा आकडा ऐकूनच घेरी येते. ४.५ मिलिमीटर बोअरच्या आणि २० ज्यूलच्या आतल्या एअर रायफलला २०१६च्या शस्त्र नियमांप्रमाणे लायसन्स लागत नाही. सो, कागदोपत्री सगळं ओके. मात्र लायसन्स लागत नाही म्हणजे अक्कलही लागत नाही, असा काहीतरी माझा समज झाला असावा. ते पुढे येईलच.

ही खाज आली कुठून? जवळूनच. आमच्या पनवेलच्या कर्नाळा स्पोर्ट्स अकादमीतून. सुमा शिरूर यांचा लक्ष्य शूटिंग क्लब तिथे रुजला. याच सुमाताईंनी २००४मध्ये क्वालालंपूरला आशियाई स्पर्धेत ४००पैकी ४०० गुण मारून विश्वविक्रमाची बरोबरी केली होती आणि त्याच वर्षी अथेन्स ऑलिम्पिकची फायनल गाठली होती. चाळीस गोळ्या, चाळीस दहा! अभिनव बिंद्राच्या वडिलांनी तर त्याला घराच्या आवारातच रेंज बांधून दिली आणि २००८मध्ये बीजिंगहून तो गोल्ड घेऊन आला. आणि आपला कोल्हापूरकडचा स्वप्नील कुसाळे? रेल्वेत तिकीट तपासनीस होता. २०२४मध्ये पॅरिसला ब्रॉन्झ. म्हणजे नोकरी सांभाळून माणूस पोडियमवर उभा राहू शकतो. मला पोडियम नकोय हो. मला दिवसातला अर्धा तास हवाय, ज्यात कुणी ‘जस्ट एक छोटासा चेंज’ म्हणून फोन करणार नाही.

तर, परसदार आहे, रायफल आहे. टारगेटमागे भंगारवाल्याकडून आणलेली जाड लोखंडी प्लेट, ४५ अंशात खाली झुकवलेली, म्हणजे छर्रा आपटून खालच्या रेतीत जातो, उलटून आपल्याकडे येत नाही. तिच्यामागे रेतीची पोती. त्यामागे कंपाउंड. सगळं सॉलिड. नव्हता फक्त उजेड.

पहिला प्रयोग सगळ्यात सोपा आणि सगळ्यात बावळट. मी उभी राहते तिथे, डोक्यावर, मोठ्ठा फ्लडलाइट. लावला, खटका दाबला, आणि माझी रायफल, माझे हात, माझी सावली लख्ख दिसायला लागली. टारगेट? ते लांब तिकडे बिचारं मळकट दिसत होतं.

इथे दहावीचं फिजिक्स आठवा. दिव्यापासूनचं अंतर दुप्पट केलं की उजेड निम्मा होत नाही, पाव होतो. दहापट केलं की शंभरावा भाग. म्हणजे जो दिवा टारगेटपासून एक मीटरवर असायला हवा, तो मी माझ्या डोक्यावर, दहा मीटरवर टांगला होता. वॉट वाढवून हे भरून काढायचं तर परसदारात वानखेडेच उभं करावं लागलं असतं.

दुसरा फण्डा डोळ्यांचा. मास कॉमला फोटोग्राफीच्या सरांनी अ‍ॅपर्चर शिकवलं होतं, ते इथे कामाला आलं. भरपूर उजेडात आपली बाहुली दोन-तीन मिलिमीटरची असते, काळोखात ती सातपर्यंत मोठी होते. लेन्सचं तोंड मोठं केलं की मागचं-पुढचं ब्लर होतं, तसंच डोळ्याचं होतं. नेम धरताना तर आपल्याला जवळची माशी आणि लांबचं टारगेट, दोन्ही बऱ्यापैकी स्वच्छ हवं असतं. मोठ्या बाहुलीला ते जमत नाही. त्यातून टारगेट कसलं? दहा मीटर एअर रायफलमधला दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. अर्धा! टाचणीचं टोक म्हणा ना. आणि तो काळा गोल सगळा मिळून जेमतेम तीन सेंटिमीटर.

मग मी शहाण्या मुलीसारखी नियमपुस्तक उघडलं. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाचं, म्हणजे आयएसएसएफचं. इनडोअर दहा मीटर रेंजवर टारगेटवर किमान १५०० लक्स उजेड हवा, असं त्यात लिहिलेलं सापडलं. लक्स म्हणजे काय ते कळायला तुमचं ऑफिस आठवा. तिथे टेबलावर साधारण ३०० ते ५०० लक्स असतात. पौर्णिमेच्या चांदण्यात एक लक्ससुद्धा नसतो. म्हणजे टारगेटच्या त्या चतकोर कागदावर ऑफिसच्या तिप्पट उजेड पाडायचा होता.

आमच्या गल्लीतल्या वायरमनदादांना बोलावलं. त्यांनी आधी विचारलं, ‘लग्न आहे का घरात?’ मग हसून हसून कामाला लागले. वीस वॉटचे दोन एलईडी फ्लडलाइट, टारगेटच्या डावी-उजवीकडे, पाऊण मीटरच्या आत, तिरपे. दोन कशासाठी, तर एकाच बाजूने दिवा मारला की कागदाच्या कडेची सावली गोलावर पडते. समोरून दिवे दिसू नयेत म्हणून तेलाचा पत्र्याचा डबा उभा कापून त्याचे आडोसे केले, आतून पांढरे रंगवले. त्या आडोशांच्या पुढे लाकडी फळ्या, म्हणजे चुकार छर्रा दिव्याला लागायला नको. थंडीत पहाटे दव पडतं, म्हणून वॉटरप्रूफ फिटिंग, अर्थिंग आणि ईएलसीबी. यात कंजूषी केली नाही, दादांनी करू दिली नाही.

मोबाइलवरच्या लक्स मीटर अ‍ॅपने सोळाशेच्या आसपास आकडा दाखवला. अशी अ‍ॅप्स पाच-पंचवीस टक्के थापा मारतात, तरी मी खूष!

आणि काय सांगू, ते दृश्य बघायला हवं होतं. चहूकडे काळोख, एमआयडीसीच्या बाजूने येणारा तो ओळखीचा वास, थंडीत खाली बसलेला धुरकट पडदा आणि त्या सगळ्याच्या टोकाला एक पांढरा चौकोन. बाकी जग बंद. श्वास घ्यायचा, अर्धा सोडायचा, थांबायचं, फट्ट! पहिल्या आठवड्यात मी दहातले चार छर्रे काळ्यात घातले. दुसऱ्या आठवड्यात सात. दिवसभराच्या ईमेल्स, पेमेंटच्या तारखा, सगळं त्या काळोखात विरघळून जायचं. मैत्रिणींना मी सांगत सुटले होते, योगाबिगा सोडा, हे बघा.

तिसऱ्या आठवड्यातला मंगळवार. आठ वाजलेले. रायफल खांद्याला, बोट ट्रिगरवर, श्वास अर्धा सोडलेला.

पांढरा चौकोन अचानक गेला.

दिवे गेले असं वाटलं. अर्धा सेकंद. मग चौकोन परत आला आणि त्याच्या कडेला साडीचा काठ दिसला. मावशी! स्वयंपाकघराच्या बाजूच्या दाराने येऊन, दोरीवरचे वाळलेले कपडे काढत, माझ्या आणि टारगेटच्या बरोबर मधून चाललेली. मला ती दिसलीच नव्हती. दिसणार कशी? माझे डोळे त्या झगझगीत चौकोनाला सरावलेले. त्याच्या अलीकडचं सगळं मला निव्वळ काळं होतं. तिला मात्र त्या उजेडात दोरी, चिमटे, टॉवेल सगळं छान दिसत होतं. त्यामुळे तिलाही शंका आली नाही.

बोट मी कसं काढलं ते आठवत नाही. सेफ्टी लावली, नळी बाजूच्या रेतीच्या पोत्याकडे वळवली आणि तिथेच खाली बसले. छर्रा सेकंदाला दीडशे मीटरच्या आसपास जातो. दहा मीटरला सेकंदाचा पंधरावा भाग लागतो. तेवढ्यात ‘मावशी, थांब’ यातला ‘मा’सुद्धा होत नाही. आणि एअर रायफलला कितीही खेळणं म्हटलं, तरी डोळा जायला ती पुरते.

मावशी म्हणाली, ‘काय गं, चक्कर आली का? उपाशी असशील.’ मी हो म्हटलं. खरं काय ते तिला दुसऱ्या दिवशी सांगितलं. ती काही बोलली नाही, फक्त हातातली भाजी निवडायची थांबली. तेवढं मला पुरलं.

त्या रात्री नियमपुस्तक पुन्हा उघडलं. ज्या ओळीत टारगेटचे १५०० लक्स होते, त्याच ओळीत आणखी एक आकडा होता. रेंजमधला सर्वसाधारण उजेड, किमान ३००. तो मी आधीही वाचला होता बरं का. वाचला आणि सोडून दिला. मला वाटलं, हा लोकांना चालताना ठेच लागू नये म्हणून असेल, आपल्याला काय करायचाय. अर्ध्याच आकड्यावर मी रेंज उभी केली होती. वर त्या काळोखाला ‘सही माहौल’ म्हणून मिरवत होते.

पुढचे दहा दिवस रायफल कपाटात. वायरमनदादा पुन्हा आले. बाजूच्या भिंतीला, वरच्या अंगाला, ओळीने एलईडी ट्यूब लावल्या. तोंड जमिनीकडे, म्हणजे माझ्या डोळ्यांत येत नाहीत. आता मी उभी राहते तिथपासून कंपाउंडपर्यंत मांजर गेलं तरी दिसतं, आणि मांजर जातंच. कपड्यांची दोरी गच्चीवर गेली. स्वयंपाकघराकडच्या दाराला माझ्या बाजूने कडी. आणि त्या दाराच्या आतल्या अंगाला, मावशीच्या डोळ्यांसमोर, देवघरातला जुना लाल झिरोचा बल्ब. रायफल बाहेर निघाली की आधी तो लागतो. त्याचं बटण आणि टारगेटच्या दिव्यांचं बटण एकच आहे, म्हणजे विसरायची सोयच नाही. ही आयडिया दादांची. क्रेडिट जिथलं तिथे.

गंमत म्हणजे माझे मार्क वाढले. बाहुली जरा लहान झाली, टारगेट आणि भोवतालच्या काळोखातला तो भयंकर फरक कमी झाला, डोळे दुखायचे थांबले. दहातले आठ आता काळ्यात जातात. माहौल मात्र गेला. आता परसदार एखाद्या बँकेच्या शाखेसारखं दिसतं. चालेल.

हल्ली लाल दिवा लागला की पाच मिनिटांनी आतून आवाज येतो, ‘झालं का गं तुझं? येऊ का?’ मी रायफल खाली ठेवते, छर्रा नाही ना ते बघते, दिवा बंद करते आणि मग ओरडते, ‘ये!’ पूर्वी मला या टोकण्याचा वैताग आला असता. आता ती विचारायची विसरली, तर मीच आत जाऊन बघून येते की ती आहे कुठे.

जाता जाता, ज्यांच्याकडे खरंच परसदार आहे अशा नशीबवानांसाठी:

• दिवा टारगेटजवळ, आडोशामागे. तुमच्या डोळ्यांत एकही किरण नको.

• आधी मधल्या जागेचा उजेड, मग टारगेटचा. बजेट कमी असेल तर टारगेट थोडं अंधुक चालेल.

• मागे काय आहे ते दिवसा, भिंतीपलीकडे जाऊन बघून या. रात्री अंदाज बांधू नका.

• नुसता अंधार पडलाय आणि दिव्यांची सोय नाही? छर्रा न भरता, खोलीतल्या भिंतीवर ठिपका काढून नेम धरायचा सराव करा. मोठमोठे नेमबाज हे रोज करतात. फक्त रायफल रिकामी आहे हे दोनदा बघा. तिसऱ्यांदाही बघा.

• छर्रे शिशाचे असतात. वडापाव हात धुऊनच.

आणि शेजाऱ्यांना आधी सांगा. आमच्या शेजारच्या काकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘चालू दे. फक्त तो लाइट आमच्या बेडरूममध्ये येतो, त्याचं काय ते बघ.’ म्हणजे पुढचा तेलाचा डबा त्यांच्या बाजूला. रविवारी तेच काम आहे.