चायनीज? आधी चूल पेटवा!

मित्रहो, संध्याकाळी चोपड्यातल्या कुठल्याही चायनीजच्या गाडीवर नजर टाका. निम्मी गर्दी आपल्याच कॉलेजची! मीही त्यातलाच. पण लालभडक मंच्युरियन हाणून "आज चायनीज खाल्लं" म्हणणं मला आता पटत नाही.

चिकन मंच्युरियन मुळी चीनचं नाहीच. नेल्सन वँग या शेफने १९७५ साली मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात ते पहिल्यांदा केलं, असं सांगतात. म्हणजे पदार्थ आपलाच, त्यात लाजायचं काय? माझी तक्रार आहे ती रंगाबद्दल. कर्नाटक सरकारने मार्च २०२४ मध्ये गोबी मंच्युरियनमधल्या कृत्रिम रंगांवर बंदी घातली, ती उगाच नाही.

मग अस्सल चिनी चिकन कसं असतं? सिचुआन प्रांताचं गोंगबाओ चिकन घ्या. मेनूकार्डावरचं 'कुंग पाव' ते हेच. एकोणिसाव्या शतकातले तिथले गव्हर्नर डिंग बाओझेन यांच्या पदवीवरून हे नाव पडलं. लागतं काय? चिकन, सुक्या लाल मिरच्या, आलं, लसूण आणि शेंगदाणे. आता बोला, खानदेशातल्या कुठल्या घरात हे नाही? सोया सॉस, व्हिनेगर आणि कॉर्नफ्लोअर तेवढं दुकानातून आणायचं. रंगाचा पत्ताच नाही!

दिवाळीच्या सुट्टीत मी ते घरी केलं. पहिला प्रयत्न गॅसवर. अर्धा किलो चिकन एकदम कढईत टाकलं, कढई थंड पडली, पाणी सुटलं आणि चिकन चक्क उकडलं. थर्मल शिकलेल्या पोराची ही गत! चिनी स्वयंपाकाला लागते भडक आच, बारीक तुकडे आणि थोडं थोडं परतणं. तुकडा लहान, म्हणून उष्णता झटकन आत पोचते. कॉर्नफ्लोअरच्या थरामुळे आतला ओलावा टिकतो.

भडक आच आणायची कुठून? आई माळकरी, त्यामुळे आमच्याकडे चिकन मागच्या अंगणात, चुलीवर आणि वेगळ्या भांड्यांत होतं. तीच चूल पेटवली. वडील कुरकुरले, "इंजिनिअर व्हायला पाठवलं का आचारी?" मिरच्या-लसणाचा खमंग वास सुटला तशी आई दारातूनच म्हणाली, "हाई ते आपलंच शे!" वडिलांनी मात्र दुसऱ्यांदा ताट पुढे केलं.

दोस्तहो, गाडी बंद करा असं मी म्हणत नाही. पण एकदा स्वतः रांधून बघा, खास करून पोरांनी! ज्याला रांधता येतं, त्यालाच आपण काय खातोय ते कळतं.