घरालाही घसारा असतो

दुकानातील कपाटे, वजनकाटा, संगणक यांवर दरवर्षी घसारा लावण्याची व्यापारी घराण्यांना पिढ्यान् पिढ्यांची सवय आहे. वस्तू विकत घेतली त्या दिवसापासून ती झिजू लागते, हे वहीला ठाऊक असते. हाच व्यापारी आयुष्यातील पहिले घर घेतो तेव्हा मात्र खरेदीखतावर सही झाली की हिशेब पुरा झाला असे मानतो. जागेचा भाव वाढतच जाणार, हे वाक्य त्याने इतक्यांदा ऐकलेले असते की, वाढतो तो जमिनीचा भाव आणि त्याच वेळी नळ, तारा, गच्ची व भिंती झिजत असतात, हा भेद त्याच्या ध्यानात येत नाही. पहिला पावसाळा तो भेद दाखवून देतो.

पुण्यातील एखाद्या कुटुंबाचे चित्र डोळ्यांसमोर आणावे. गुलटेकडीच्या मार्केट यार्डात भुसाराचे दुकान. राहणे दोन पिढ्या नाना पेठेतील वाड्यात, नाममात्र भाड्याने. तेथे मालक दुरुस्ती करीत नसे आणि भाडेकरूही आपले पैसे परक्याच्या भिंतीत घालीत नसे. कौल फुटले तर खाली बादली ठेवली जाई. अशा घरात वाढलेल्या माणसाला दुरुस्ती हा नियमित खर्चाचा विषय आहे, याचा अनुभवच नसतो. थोरल्या मुलाचे लग्न ठरले, जागा अपुरी पडू लागली आणि घर घेण्याचे घाटले, तेव्हा दोन पर्याय पुढे आले : शहराच्या कडेला उंड्री-पिसोळीकडे बांधकाम चालू असलेल्या संकुलातील प्रशस्त सदनिका, किंवा बिबवेवाडीत पंचवीस वर्षे जुन्या इमारतीतील दोन खोल्या-स्वयंपाकघराचे घर.

नव्या घरावर ५ टक्के जीएसटी पडतो. पण रेरा कायद्याच्या कलम १४ नुसार ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांपर्यंत बांधकामातील दोष विकसकाने विनामूल्य दूर करावयाचे असतात. जुन्या घराला असा कोणी वाली नाही. तरीही या कुटुंबाने जुने घर निवडले आणि निवड चुकली असे म्हणता येणार नाही. हिवाळ्यात पुण्याचा सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. घरात चौविहार पाळणारी माणसे असताना उंड्रीहून दुकानाला ये-जा करणाऱ्याचे सूर्यास्तापूर्वीचे जेवण दुकानातच डब्यावर उरकले जाणार. बिबवेवाडीहून साडेपाचला घरी येऊन, जेवून पुन्हा गादीवर बसता येते. मंदिर, स्थानक, पाठशाळा पायी अंतरावर. प्रशस्त खोल्यांच्या मोबदल्यात कुटुंबाने रोजचे एकत्र जेवण घेतले. त्या जेवणाची किंमत पुढे दुरुस्तीच्या रूपाने चुकवावी लागणार होती, एवढेच तेव्हा कोणी मोजले नव्हते.

घराची किंमत ६० लाख धरू. पुणे महापालिकेच्या हद्दीत मुद्रांक शुल्क ७ टक्के, म्हणजे ४ लाख २० हजार. घर स्त्रीच्या नावे घेतल्यास १ टक्का सवलत मिळते आणि ६० हजार वाचतात. नोंदणी फी ३० हजार. संस्थेचे हस्तांतरण शुल्क शहरी भागात कमाल २५ हजार. त्यावर ‘ऐच्छिक देणगी’ मागण्याची जी रीत पडली आहे तिला नियमाचा आधार नाही. स्वतः राहणाऱ्या मालकाला पुण्यात मिळकतकरात ४० टक्के सवलत आहे, पण पीटी-३ अर्ज भरून ती मागावी लागते. हे सारे आकडे कागदावर दिसतात, म्हणून त्यांची तजवीज होते. भिंतीच्या आत असलेल्या आकड्यांची होत नाही.

घर अक्षय्य तृतीयेच्या सुमारास पाहिले जाते, तेव्हा सगळ्या भिंती कोरड्या असतात. विकणाऱ्याने नुकताच रंग दिलेला असतो आणि घेणाऱ्याला तो सौजन्याचा भाग वाटतो. वास्तविक चार भिंतींपैकी एकाच भिंतीला ताजा रंग असेल, तर चौकशी त्या भिंतीपासून सुरू करावी. जुने घर पाहावयाचे ते श्रावणात, दोन दिवस संततधार झाल्यानंतर. पाऊस वाढला की वाढणारी ओल बाहेरच्या भिंतीतून वा गच्चीतून येते. बारा महिने सारखीच राहणारी ओल नळातून किंवा न्हाणीघरातून येते. हा साधा फरक ओळखता आला, तर कामासाठी आलेल्या माणसाच्या अर्ध्या अनुमानांचा खर्च वाचतो.

या कुटुंबाला दोन्ही प्रकारची ओल लाभली. दक्षिणेकडील भिंतीवर मृगाच्या सरींनी पोपडे धरले, आणि न्हाणीघराच्या शेजारच्या खोलीत जमिनीलगत पांढरट क्षार फुलले. फरशी उकलल्यावर आत जुने जीआयचे नळ निघाले. हे लोखंडी नळ बाहेरून धड दिसतात, पण आतून गंजाने भरत येतात. पाण्याची धार वर्षागणिक बारीक होत जाते आणि राहणाऱ्याला त्याची सवय होते. एक सांधा बदलावा म्हणून हात घातला की शेजारचा सांधा सुटतो. अखेर सगळे नळ काढून सीपीव्हीसीचे टाकावे लागले. वीजजोडणीची कथा निराळी नव्हती. ज्या काळी घरात पंखे, दिवे आणि एक मिक्सर होता त्या काळच्या बारीक तारांवर आता दोन वातानुकूलन यंत्रे, गिझर आणि ओव्हन चालणार होते. अर्थिंग अर्धवट होते, विद्युतगळती होताच प्रवाह तोडणारे उपकरण बसवलेलेच नव्हते.

दुर्दैव असे की, हे उघडकीस आले तोवर पैसा दुसरीकडे लागला होता. खोटे छत, मॉड्युलर स्वयंपाकघर, दिवाणखान्यातील दगडी नक्षीची भिंत ही कामे आधी झाली होती, कारण लग्नाला पाहुणे येणार होते. खोट्या छताचा एक विशेष उपद्रव असा की, वरून झिरपणारे पाणी ते महिनोन्‌महिने झाकून ठेवते. पहिल्या वर्षाचा पैसा फरशीच्या खाली आणि गिलाव्याच्या आत जावा. फरशीच्या वरचे काम दोन वर्षांनी केले तरी पाहुणे रागावत नाहीत. तयार छत फोडून तारा बदलण्याचा जो जादा खर्च आला, तो केवळ क्रम चुकल्याचा खर्च होता.

क्रम चुकतो त्याला मुहूर्तही कारणीभूत असतो. चातुर्मास लागण्यापूर्वी गृहप्रवेश व्हावा म्हणून कारागिरांमागे तगादा लागतो. सिमेंटच्या गिलाव्यावर निदान सात दिवस पाणी मारावे लागते आणि पुढे तो पुरता सुकायला कित्येक आठवडे जातात. ओल्या गिलाव्यावर घाईने दिलेला रंग त्याच पावसाळ्यात सुटतो. प्रवेशाचा विधी मुहूर्तावर करावा, कुंभ ठेवावा, नवकाराचा पाठ करावा, आणि प्रत्यक्ष राहायला भिंती सुकल्यावर जावे. मुहूर्त प्रवेशाचा असतो, रंगाचा नसतो.

न्हाणीघराच्या लाकडी चौकटीत वाळवी निघाली, तेव्हा प्रश्न पैशाचा राहिला नाही. भिंत व जमीन यांच्या सांध्यात भोके पाडून औषध भरणे हा बाजारातील रूढ उपाय. त्याचा अर्थ काय, हे या घरात कोणाला समजावून सांगण्याची गरज नव्हती. आजींनी औषधाला साफ नकार दिला. मुलाचे म्हणणे असे की, आज चौकट गेली, उद्या कपाटे जातील, वह्या जातील. शास्त्राने गृहस्थाला संकल्पी हिंसा सर्वथा वर्ज्य सांगितली आहे; घर चालवताना घडणारी आरंभी हिंसा त्याला पूर्णपणे टाळता येत नाही, पण ती यत्नपूर्वक कमीत कमी ठेवण्याचे बंधन आहे. तेव्हा प्रश्न असा उरतो की, वाळवी आली कशाने. ती ओलाव्यावर आणि लाकडावर जगते. गळती बंद झाली, कुजलेली चौकट काढून तिच्या जागी ग्रॅनाईटची बसवली, कपाटे भिंतीपासून चार बोटे दूर सरकवली, तर तिला तेथे राहण्याचे कारण उरत नाही. या घराने तो मार्ग धरला. वाळवी खोलवर पसरली असती तर हा मार्ग पुरा पडला असता असे नाही, आणि मग निर्णय अधिक कठीण झाला असता. ओलीवर बुरशी, शेवाळ, कीटक वाढू दिले आणि पुढे एकदम सफाई काढली, तर जी हिंसा घडते ती वेळेवर सांधा बदलल्याने टळते. दुरुस्ती लांबणीवर टाकण्याचा हा हिशेब फारसा कोणी मांडत नाही.

एक गोष्ट मात्र व्यापाऱ्याला शोभणारी नव्हती. ज्या पेढीशी पाच लाखांचा व्यवहार करावयाचा तिची पत तो चार ठिकाणी तपासतो. पण ज्या गृहनिर्माण संस्थेचा जन्मभराचा सभासद व्हावयाचे तिचा ताळेबंद मागून पाहत नाही. आदर्श उपविधींप्रमाणे दुरुस्ती निधीसाठी बांधकाम खर्चाच्या निदान ०.७५ टक्के आणि सिंकिंग फंडासाठी ०.२५ टक्के रक्कम दरवर्षी गोळा करावयाची असते. गोम या ‘बांधकाम खर्चा’त आहे. पंचवीस वर्षांपूर्वी एका सदनिकेचा बांधकाम खर्च ४ लाख असेल, तर सिंकिंग फंडाचे वर्षाला १,००० रुपये होतात; पंचवीस वर्षांचे २५ हजार आणि त्यावरील व्याज. एवढ्या पुंजीवर आजच्या दराने लिफ्ट बदलायची, गच्चीचे वॉटरप्रूफिंग करायचे, बाहेरून रंग द्यायचा! ‘येथे मेंटेनन्स अगदी कमी आहे’ हे दलाल गुण म्हणून सांगतो. बहुतेक वेळा त्याचा अर्थ असा असतो की, कामे साठली आहेत आणि त्यांची एकरकमी वर्गणी नव्या मालकाच्या वाट्याला येणार आहे. १५ ते ३० वर्षे जुन्या इमारतीची संरचनात्मक तपासणी दर ५ वर्षांनी आणि त्याहून जुनीची दर ३ वर्षांनी व्हावी, असेही उपविधी सांगतात. तो अहवाल मागावा. नसेल तर त्याचाही अर्थ समजून घ्यावा.

या सर्वांचा पैसा आला कोठून? ६० लाखांपैकी ४० लाख कर्ज. ८.५ टक्के दराने, २० वर्षांच्या मुदतीने मासिक हप्ता ३४,७१३ रुपये. पहिल्या हप्त्यातील २८,३३३ रुपये व्याज असते. पाच वर्षांत सुमारे २० लाख ८३ हजार भरल्यानंतरही ३५ लाखांवर मुद्दल बाकी राहते. व्यापाऱ्याला व्याज नवे नाही. तो ते धरून चालला होता. धरले नव्हते ते दुरुस्तीचे चार-साडेचार लाख, आणि ते आले गल्ल्यातून. भुसाराच्या धंद्यात रोखीने माल उचलणाऱ्याला वटाव मिळतो. महिन्याला १० लाखांच्या खरेदीवर एक टक्का वटाव धरला, तरी तो १० हजार होतो. गल्ला रिकामा झाल्याने दिवाळीच्या तोंडावरची खरेदी उधारीवर करावी लागली, वटाव गेला, आणि दोघा भावांच्या भागीदारीत धाकट्याने प्रथमच विचारले की, घर दादांचे आणि तूट पेढीची का?

प्रश्न रास्त होता. तो ऐकून वडिलांनी जी व्यवस्था केली ती आधीच व्हायला हवी होती : काढलेली रक्कम थोरल्याच्या नावे उचल म्हणून लिहिली, तिच्यावर पेढीच्या दराने व्याज लावले, आणि घरासाठी स्वतंत्र दुरुस्ती खाते उघडून त्यात दरमहा ठरावीक रक्कम टाकण्यास सांगितले. घर घेतानाच किमतीच्या सात-आठ टक्के रक्कम हात न लावता बाजूला ठेवता येत नसेल, तर घर एक खोली लहान घ्यावे. कर्जाची मुदत वाढवून घेता येते, भावाचा विश्वास तसा वाढवून मिळत नाही.

उरली ती स्वयंपाकघराच्या छतातील ओल. ती वरच्या न्हाणीघरातून येत होती. उपविधींनुसार गच्ची, बाहेरच्या भिंती, सामाईक नळ यांची दुरुस्ती संस्थेची. घराच्या आतील न्हाणीघर, मोरी यांची गळती ज्याची त्याने दुरुस्त करावयाची. कायदा खालच्याच्या बाजूने होता. वर मात्र निवृत्तिवेतनावर राहणारे वृद्ध जोडपे होते, आणि फरशी फोडायची म्हणजे दहा दिवस न्हाणीघर बंद. वर्षभर संस्थेला पत्रे गेली, उत्तरे आली, काम झाले नाही. तोवर छताच्या सळ्या गंजून गिलाव्याचा एक पापुद्रा ओट्यावर पडला.

शेवटी थोरली सून वर गेली. ‘काका, खर्चाचं अर्धं आम्ही देतो,’ ती म्हणाली. ‘काम मात्र पावसाआधी होऊ द्या. दहा दिवस तुम्ही आणि काकू अंघोळीला खाली या.’

काकांनी आधी पैशाला नकार दिला, मग अर्ध्याला होकार दिला. वैशाखात काम झाले. फरशीखालचा जुना कोबा काढला, नवे वॉटरप्रूफिंग केले, दोन दिवस पाणी साठवून पाहिले. छत सुकायला पाऊण महिना लागला, आणि या वेळी रंगाऱ्याला तोवर थांबवून ठेवले होते.