आधी भाषा, मग कर्ज

परदेशातील पदव्युत्तर शिक्षणाची तयारी शैक्षणिक कर्जाच्या आधी तिथल्या भाषेपासून व्हावी आणि त्या भाषेचा वर्ग बुलडाणा जिल्ह्यातच भरावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

जर्मनीतील बाडेन-वुर्टेमबर्गशी राज्याने २०२४ मध्ये केलेल्या करारानंतर जर्मनीची चर्चा चिखली-मेहकरपर्यंत पोहोचली. पण तो करार कुशल मनुष्यबळासाठी, एम.एस्सी. करू पाहणाऱ्याची गरज वेगळी. जर्मन माध्यमाच्या अभ्यासक्रमाला बहुतेक विद्यापीठे टेस्टडाफ या जर्मन भाषेच्या परीक्षेच्या चारही भागांत चौथी पातळी मागतात. शून्यापासून तिथवर जायला वर्ष-दीड वर्ष सहज लागते. पदवी हाती आल्यावर जाग आलेल्या विद्यार्थ्याचा हा काळ पुण्यात खोलीभाडे आणि शिकवणीचे शुल्क भरण्यात जातो. सोयाबीनच्या भावावर वर्षाचा हिशेब मांडणाऱ्या घराला ते झेपत नाही. इंग्रजी माध्यमाचा मार्ग आहेच; मात्र घरमालक, दवाखाना आणि अर्धवेळ काम देणारा दुकानदार यांच्याशी जर्मनच बोलावी लागते.

राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती हात देते ती प्रवेश मिळाल्यावर; भाषेची तयारी त्याआधीची. म्हणून अमरावती विद्यापीठाने खामगाव व बुलडाणा येथे पदवीच्या दुसऱ्या वर्षापासून जर्मनचे वर्ग येत्या सत्रातच सुरू करावेत आणि गरजूंचे परीक्षाशुल्क सामाजिक न्याय विभागाने भरावे.