जुन्या कॉटवरचे नवे विद्यार्थी

मे महिन्यात 'नीट'ची परीक्षा आटोपली, की लातूर आणि नांदेडच्या शिकवण्यांच्या वस्त्यांतून हातगाड्या निघू लागतात. त्यांवर लोखंडी कॉट, घडीचे टेबल, प्लॅस्टिकची खुर्ची, कूलर आणि पाण्याचे टिपाड असते. दहावीचा निकाल लागून अकरावीचे प्रवेश सुरू झाले, की तेच सामान शेजारच्या गल्लीतल्या खोलीत चढते. शहराच्या दृष्टीने ही किरकोळ घडामोड; परंतु मराठवाड्यातील शिक्षणाचे अर्थकारण समजून घ्यायचे, तर या हातगाडीमागून चालणे भाग आहे.

'लातूर पॅटर्न'चा उगम राजर्षी शाहू महाविद्यालयासारख्या संस्थांच्या शिस्तबद्ध अध्यापनात झाला. १९९० च्या दशकात बोर्डाच्या गुणवत्ता यादीने त्याचा लौकिक राज्यभर नेला. त्या काळी खेड्यातला मुलगा पत्र्याची पेटी आणि वळकटी घेऊन येई, तिघा-चौघांत खोली करून राही आणि घरचा डबा एसटीने येई. पुढे वैद्यकीय प्रवेश 'नीट'वर होऊ लागले. मुक्काम दोन वर्षांचा, गुण कमी पडले तर तीन वर्षांचा झाला. खोली मात्र अजूनही बहुधा चार भिंतींचीच मिळते. ती राहण्याजोगी करण्याचा भार पालकावर.

म्हणून जुना बाजार. या बाजाराचे गणित सरळ आहे. विकणारे सारे एकाच पंधरवड्यात येतात, कारण परीक्षा एकाच दिवशी संपते आणि खोली सोडायची असते. घेणारे येतात त्यानंतर काही आठवड्यांनी. मधल्या काळात माल ठेवायला जागा असते ती फक्त दुकानदाराकडे. साहजिकच विकताना मातीमोल भाव मिळतो आणि घेताना चढा द्यावा लागतो. दुकानदाराला दोष देण्यात अर्थ नाही. तो गोदामाचे भाडे आणि दुरुस्तीचा खर्च वसूल करतो. तोटा होतो तो ज्याला थांबणे परवडत नाही त्याचा.

आणि थांबणे कोणाला परवडत नाही? जून हा मृगाचा महिना. बियाणे आणि खताचे पैसे याच वेळी लागतात. सोयाबीन घरात येते ते दसरा-दिवाळीच्या सुमारास. म्हणजे शेतकऱ्याचा हात सर्वांत आखडलेला असतो, नेमक्या त्याच वेळी खोलीची अनामत, शिकवणीचा हप्ता आणि कॉट-कूलर समोर उभे राहतात. वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी शासनाची स्वाधार योजना आहे. परंतु तिची रक्कम प्रवेशानंतर खात्यावर जमा होते, खोली मात्र आधी घ्यावी लागते.

पैशापलीकडचाही एक प्रश्न आहे. कॉट जुनी असली तर फार तर ढेकणांचा त्रास. कूलर जुना असला तर जिवाशी गाठ. पत्र्याची टाकी गंजलेली, पंपाची वायर सोललेली आणि खोलीतल्या प्लगला अर्थिंग नाही, अशा स्थितीत ओल्या हाताचा स्पर्शही घातक ठरतो. पाण्याचे टिपाडही येथे चैनीची वस्तू नव्हे. एप्रिल २०१६ मध्ये ज्या शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेथे साठवण हाच संसाराचा पहिला नियम असतो.

यावर उपाय नवा शोधावा लागणार नाही. आपल्याकडे अनेक गावांत लग्नकार्यासाठी सार्वजनिक भांडी असतात. घरोघरी कढया आणि पातेली विकत घ्यावी लागत नाहीत. तोच विचार कॉटला का लागू होऊ नये? महाविद्यालयांनी, शिकवणीचालकांनी किंवा महिला बचत गटांनी मे महिन्यात सामान रास्त भावाने घ्यावे, वायरमनकडून तपासून घ्यावे आणि जूनमध्ये परतीच्या अनामतीवर द्यावे. भाड्याने वस्तू देणारे दुकानदार काही ठिकाणी आहेत. परंतु नफ्याशिवाय चालणारे भांडार वेगळे. सुट्टीत रिकाम्या पडणाऱ्या दोन वर्गखोल्या गोदाम म्हणून पुरतील.

शिकवण्यांच्या जाहिरातींत यशस्वी विद्यार्थ्यांची छायाचित्रे झळकतात. त्या यशामागे कोणीतरी विकलेली आणि कोणीतरी उसनवारीने घेतलेली एक कॉट असते. ज्या शहरांची बाजारपेठ या मुलांवर उभी आहे, त्यांनी निदान त्यांच्या पाठीखालच्या कॉटची काळजी वाहावी, ही अपेक्षा फार मोठी नाही.